बादलीवरचा बाप

ड्रायर मध्येच बंद पडला, म्हणून कांताबाईच्या कानावर ते भांडण आलं. एरवी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या त्या घरात एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत कळायची सोय नव्हती. कपडे वाळवायच्या मशीनमागे भिंत, भिंतीपलीकडे गराज, आणि गराजात तिचा मुलगा पंडित आणि सून अपर्णा.

"बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, बॉल फेका म्हणून नाही!" अपर्णा म्हणत होती. "गजभियांची पोर शनिवार-रविवार मातीत लोळते, आणि बाप तिच्यासमोर बादली पालथी घालून बसतो. शोभतं का हो?"

"मातीत लोळून मार्क कमी झाले का तिचे?"

"ए मायनस आला परवा. ए मायनस!"

"माझ्या शाळेत मास्तर माझ्या पाटीला हात लावत नव्हता. लांबूनच पाहून पास-नापास करायचा. ए मायनसचं काय घेऊन बसलीस?"

"ते पुराण काढायचं नाही. पोरीसमोर तर नाहीच. ठरलंय ना आपलं?"

मग गराजचं दार घरघरत वर गेलं, म्हणजे भांडण संपलं. दार उघडं असताना गजभिये भांडत नसत. शेजारी बघतात.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. रोशनी तेव्हा तेरा वर्षांची होती. तह असा झाला, की पहिला बी ग्रेड आला की बॉल बंद. रोशनीने तो बी कधी आणलाच नाही, आणि अपर्णाला आयुष्यात पहिल्यांदा मुलीच्या चांगल्या मार्कांचा राग आला.

पंडित उमरेडकडच्या खेड्यातला. स्कॉलरशिपवर शिकला, होस्टेलचं वरण पिऊन नागपूरला इंजिनिअर झाला आणि सत्तरच्या दशकात टेक्सासला आला. तेलाच्या पायपांना गंज कुठे लागतो आणि का लागतो, हे सांगायचा त्याला पगार मिळे. कांताबाईला याचं फार नवल वाटायचं. गावाकडे गंज फुकट बघायला मिळायचा.

सॉफ्टबॉल त्याने जन्मात पाहिला नव्हता. लहानपणी कबड्डी खेळला, तीसुद्धा बाजूच्या पोरांनी घेतलं तर. पण रोशनीला बॉल टाकायचा होता, आणि टाकणाऱ्याला समोर झेलणारा लागतो. मग लायब्ररीतून व्हिडिओ कॅसेट आणून हा गडी शिकला. रंगाची रिकामी बादली मागच्या अंगणात पालथी घालायची, तिच्यावर बसायचं, हातात चामड्याचा मोठा पंजा घालायचा, आणि पोर खांद्यातून हात गरकन फिरवून खालून बॉल सोडेल तो झेलायचा. सुटला की नडगीवर. संध्याकाळी कांताबाई तिळाचं तेल कोमट करून त्याच्या नडग्या चोळत बसायची.

"सॉफ्टबॉल म्हणे! यात सॉफ्ट काय आहे? कवठ आहे, कवठ."

"माय, हळू."

"मी हळूच आहे. तुझ्या लेकीला सांग हळू."

ती सुधारत गेली तसा घरचा शनिवार-रविवार गेला. पोरींची टीम गावोगाव स्पर्धांना जायची, त्याला ट्रॅव्हल बॉल म्हणत. अपर्णा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तिला सुट्टी असली तरच यायची. त्यामुळे व्हॅनमध्ये पुढे पंडित, मागे पाय पसरून झोपलेली रोशनी, आणि मधल्या सीटवर चिवड्याचा डबा मांडीवर घेतलेली कांताबाई. ब्यूमाँट, वेको, टल्सा. कांताबाईने नागपूरहून वर्धा जेवढ्या वेळा पाहिलं नसेल तेवढं वेको पाहिलं. मोटेलच्या खोलीत राइस कुकरमध्ये खिचडी टाकली, फोडणी दिली की छताला लावलेला धुराचा भोंगा ओरडायचा, आणि पंडित उशी घेऊन त्याला वारा घालायचा. टीममधल्या पोरी चिवड्याला चटावल्या. "ग्रँडमा, यू गॉट द क्रंची स्टफ?" म्हणून दहा हात पुढे यायचे.

खेळातलं कांताबाईला काही कळायचं नाही, पण पंडितकडे पाहिलं की समजायचं. तो टाळ्या वाजवायचा तेव्हा विशेष काही नसायचं. त्याने तोंडातला चिवडा चावायचा थांबवला, की खेळ रंगला.

बाकीचे बाप अंपायरवर ओरडायचे. पंडित कधीच नाही. एकदा धडधडीत चुकीचा निकाल दिला, रोशनीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने फक्त टोपी काढली आणि परत घातली.

"बोलला काहून नाहीस?" कांताबाईने विचारलं.

"ओरडलं तर आपलं नाव त्यांच्या लक्षात राहतं, माय. त्यांची नावं आपल्या राहत नाहीत."

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सगळा खेळच बदलला. कॉलेजच्या कोच बायका-पुरुष कुंपणामागे खुर्च्या टाकून बसू लागले. कोणत्या पोरीला आपल्या कॉलेजात घ्यायचं, ते ठरवायला. आया एकदम लिपस्टिक लावून येऊ लागल्या आणि बापांनी पोटं आत घेतली. रोशनीला चार-पाच ठिकाणं मिळण्यासारखी होती, पण तिचा जीव एकाच ठिकाणी अडकला होता. ओक्लाहोमातलं एक कॉलेज, तिथे भूगर्भशास्त्र चांगलं, आणि व्हिटेकर नावाची कोच, जी म्हणे बॉल टाकणाऱ्या पोरी घडवते. त्या कॉलेजचा झेंडा रोशनीच्या पलंगावर लागला होता. "तिथेच टाकायचा, आजी, ऑर नोव्हेअर," ती म्हणायची. अपर्णासुद्धा त्या कॉलेजची पुस्तिका चाळून विरघळली होती.

जूनमध्ये टल्साला कोच व्हिटेकर स्वतः आली. उंच, उन्हाने भाजलेली बाई. सावली नाही, छत्री नाही, तीन खेळ एका जागी बसून तिने रोशनीला पाहिलं. पंडित तिसऱ्या खेळापर्यंत चुळबुळ करत होता.

"माय, त्या बाईच्या ओठाला पापुद्रे आले बघ."

"मग दे ना पाणी. उन्हात बसलेल्याला पाणी द्यायला मुहूर्त लागतो का?"

त्याने थंड पाण्याच्या पिंपातून कागदी पेला भरला आणि तो दोन्ही हातांत धरून गेला. कोचने त्याला येताना पाहिलं. ती उठली. तळहात पुढे करून, मान हलवत मागे सरकली आणि कुंपणाला वळसा घालून पार दुसऱ्या टोकाला निघून गेली. थोड्या वेळाने कांताबाई बाथरूमला गेली, तर इमारतीमागच्या नळाला ओंजळ लावून तीच बाई घटाघटा पाणी पीत होती.

म्हणजे तहान होती. या हातचं नको होतं.

कांताबाईने तो तळहात ओळखला. गावात विहिरीच्या काठावर तो कितीदा समोर आला होता; आज फक्त गोरा होता, एवढंच. पंडित परत आला, पेल्यातलं पाणी त्याने जमिनीवर ओतलं आणि शांतपणे बसला. रोशनी जिंकली तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या, पण कांताबाईला दिसलं, त्याला खेळ कोण खेळतंय तेच माहीत नव्हतं. घरी येताना रोशनी मागे झोपलेली, आणि त्याचं नेहमीचं वळण चुकलं.

"माय, तू पाह्यलं?"

"पाह्यलं."

एवढंच.

जुलैच्या एक तारखेला फोन वाजला. रोशनी पोहायला गेली होती. पंडितने उचलला, नाव ऐकलं आणि ताठ उभा राहिला. "थँक यू," तो म्हणाला, "शी इज गोइंग एल्सव्हेअर." फोन ठेवताना त्याला दोनदा जागा शोधावी लागली.

रोशनी ओल्या केसांनी आली ती विचारतच, "डॅड, डिड शी कॉल?"

"आला होता. नको म्हटलं मी."

मग त्या घरात जे झालं ते गराजचं दार बंद करूनही लपलं नसतं. रोशनीने पावलागणिक दारं आपटली. अपर्णा तर वेडीपिशी झाली. "चार वर्षं बादलीवर बसलात! माझं ऐकलं नाहीत! आणि आता ताट वाढलं तर लाथ मारता?"

"ते कॉलेज आपल्यासाठी नाही."

"आपल्यासाठी म्हणजे कोणासाठी?" रोशनीने इंग्रजीत विचारलं. "हू इज आपल्या?"

पंडितने चष्मा पुसायला घेतला.

"सांग तिला," कांताबाई म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"माय, नको. तिला तरी ते ओझं नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सराव होता. बाप-लेक बोलत नव्हते, पण व्हॅन काढायची ती त्याने काढली. मैदानावर डार्लीन आली. टीममध्ये रोशनीचे बॉल झेलणाऱ्या पोरीची आई, आवाज असा की ह्यूस्टनला ऐकू जावा. हातात लिंबू सरबताचा जार.

"फोन आला की नाही तुम्हाला? आमचा सकाळपासून वाजतोय! काय बाई हा जून गेला! जुलैच्या एक तारखेपर्यंत आईबापांशी एक शब्द बोलायची कॉलेजच्या कोचना बंदी. एका कोचला मी खायला प्रेट्झल दिलं, तर साप दाखवल्यासारखी पळाली!"

पंडित तिच्याकडे वळला. "बंदी? सगळ्यांशी?"

"हनी, सगळ्यांशी! आमच्याशीसुद्धा!"

तो व्हॅनमध्ये येऊन बसला आणि कांताबाईला सगळं मराठीत सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग तिला हसू फुटलं. थांबेचना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते.

"माय, हसू नको ना."

"हसू नको तर काय करू? विटाळ पाहिला जन्मभर, पण सगळ्यांना सारखा विटाळ आजच ऐकला बाप्पा!"

मग तोही हसला, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागला. कांताबाईने दुसरीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रोशनीला सांगितलं. शाळेतला माठ, वरून पाणी ओतणारा शिपाई, तो आला नाही तर दिवसभर कोरडा घसा. अपर्णाने ते न काढायचं ठरलेलं पुराण आज थांबवलं नाही, नुसती ओट्याला टेकून उभी राहिली. रोशनी टेबलावर नखाने रेघा ओढत होती.

"यू नेव्हर टोल्ड मी," ती म्हणाली.

"कशाला सांगायचं? इथे तू कोरी होतीस."

"मी कोरी नाहीये, डॅड. मी तुझी आहे." हे तिने मराठीत म्हटलं, म्हणून सगळ्यांना जरा वेळ लागला. मग तिने फोन उचलून त्याच्यासमोर ठेवला. "आता कर तिला फोन. मी नाही करणार. तू कट केलास, तू जोड."

पंडितने केला. कांताबाईला त्या लांबलचक इंग्रजीतून फक्त 'व्हिलेज' आणि 'वॉटर' कळलं. मग ती बाई बोलू लागली, आणि पंडितचा खांदा हळूहळू खाली आला.

फोन ठेवून त्याने सांगितलं, "ती म्हणते, घसा सुकून मरत होते. पण पेला घेतला असता तर थँक यू म्हणावं लागलं असतं. मग तुम्ही म्हणाला असता, ती माझी मुलगी. मग मी म्हणाले असते, ठाऊक आहे, तिच्यासाठीच आलेय. म्हणून पळाले. आणि त्या नळाचं पाणी म्हणे चहासारखं गरम होतं."

"आणि जागा?" अपर्णाने विचारलं.

पंडितने घसा साफ केला. "माझ्या नकारानंतर लगेच दुसऱ्या मुलीला देऊ केली. तिचं उत्तर येईपर्यंत थांबा म्हणाली."

तो जुलै कांताबाई विसरली नाही. फोन वाजला की घर गोठायचं. बहुतेक वेळा कार्पेट विकणारे असायचे. पंडितला जेवण जाईना. अपर्णा त्याला एक शब्द टोचून बोलली नाही, आणि त्यानेच तो जास्त घाबरला. पण संध्याकाळी कामावरून आला की कपडे बदलून बादलीवर जाऊन बसायचा, आणि रोशनी, रागावलेली असो की नसो, समोर उभी राहून बॉल टाकायची. एके दिवशी एक सुटून त्याच्या नडगीवर टणकन बसला.

"सॉरी, डॅड."

"असू दे. हा माझा होता."

उत्तर आलं ते महिनाअखेरीस. त्या दुसऱ्या मुलीने घराजवळचं कॉलेज घेतलं होतं. फोन रोशनीने उचलला आणि "येस, मॅम" एवढंच म्हणत राहिली. पंडित मागे उभा राहून तिच्या मानेकडे बघत होता. मान हलली तेव्हा तो खाली जमिनीवरच बसला.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सगळे तिला पोचवायला ओक्लाहोमाला गेले. खोली तिसऱ्या मजल्यावर. पंडितने खोकी वाहिली, अपर्णाने पलंगाला चादर घातली, कांताबाईने चिवड्याचा डबा कपाटात मागे ठेवला, मैत्रिणींना लगेच दिसू नये म्हणून. निघायची वेळ झाली आणि रोशनीने कपाट उघडलं.

"ओह नो. हँगर्स."

प्रत्येक स्पर्धेत हेच. मोटेलवर पोचलं की कधी केसांचे रबर, कधी सनस्क्रीन, कधी मोजे राहायचे. पंडितने नेहमीसारखी किल्ली काढली. अपर्णा खोलीत थांबली. कांताबाई पाय दुखत असूनही गेली. अनोळखी गावात तो दोनदा चुकीकडे वळला, पेट्रोल पंपावर थांबून दुकान विचारलं, तिथेच काचेवरचे मेलेले किडे पुसून घेतले. दुकानात पांढरे आणि निळे असे दोन रंग होते. तो बराच वेळ दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि मग पांढरे घेतले.

रोशनी अपर्णाला घेऊन खाली दारातच आली होती, मागे दोन नव्या मैत्रिणी.

"थँक्स, डॅड."

"अजून काही राहिलं का?"

तिने आठवून पाहिलं. "नाही."

तिने आईला, आजीला आणि शेवटी त्याला मिठी मारली आणि हँगर वाजवत जिना चढून गेली. पंडित व्हॅनमध्ये बसला. आरसा नीट केला, अपर्णाच्या बाजूची काच वर घेतली आणि मागे वळून म्हणाला, "माय, पट्टा लाव."