मावशींची शेवटची गोधडी

मावशींच्या घरात कपडा वाळत घालून विसरणं धोक्याचं होतं.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात माझा निळा शर्ट दोरीवरून खाली अंगणात पडला. उतरून आणायचा मी आळस केला. मग गेले तर शर्ट नव्हता. मावशी दाराच्या पायरीवर बसून शिवत होत्या. मांडीवर गोधडी पसरलेली. तिच्या मधोमध एक निळा चौकोन, आणि त्यावर माझ्या खिशाचं बटण.

"हा माझा शर्ट आहे," मी म्हणाले.

"होता," मावशी म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाही उसवली होती. तू काही ती शिवणार नव्हतीस. बस, चहा टाकते."

मी थक्क होऊन बसले. पुढे तिथे राहिले तोवर संध्याकाळी त्याच पायरीवर बसत राहिले.

मी नुकतीच साहित्य घेऊन पदवीधर झाले होते आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. मावशींना माझ्या शिक्षणाचं फार कुतूहल.

"इतकी वर्षं काय शिकवलं तुम्हाला?"

"गोष्टी. कविता."

"त्या शिकवाव्या लागतात?" त्यांनी दातानं दोरा तोडला. "अवघड आहे बाई तुमचं."

काका, म्हणजे मावशींचे यजमान, बसचालक होते, आता निवृत्त झालेले. आपले चांगले शर्ट ते कपाटात कुलूप लावून ठेवत. बाहेर पडताना अंगातल्या शर्टाची छाती थोपटून म्हणत, "हा अजून जिवंत आहे बरं का." मावशी कॉलर चाचपून बघत. "फार दिवसांचा सोबती नाही," म्हणत. एकदा पाहुण्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकलेला रुमाल गेला. एकदा पडदाच गेला. काका तेव्हा खिडकीसमोर उभे राहून गल्लीला हात करत होते. "या, बघा, आमच्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही."

समोरच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती. तिच्यात तुकड्यांचे गठ्ठे. रंगांप्रमाणे नव्हे, माणसांप्रमाणे लावलेले. हा पोस्टमनचा, हा लेकीच्या शाळेचा, हा त्या भांडखोर शेजारणीचा, जी घर सोडून गेल्यावर मावशींना करमेना. मावशी गठ्ठ्यात हात घालत आणि न बघता तुकडा काढत. "आज या शेजारणीला पोस्टमनजवळ बसवू. जन्मभर एकमेकांशी बोलली नाहीत."

सुयांनाही नावं होती. आखूड सुई ती ठेंगणी. नेढ्याशी दोरा तोडणारी ती कजाग. आणि लांब, सरळ, जाड कापडातही न वाकणारी, ती मास्तरीण. गोधडीचा काठ दुमडून शिवायचं काम शेवटचं, आणि ते फक्त मास्तरणीचं. सुयांत दोरा ओवून देणं माझ्याकडे आलं होतं. मावशींना आता नेढं दिसत नसे. टाके मात्र मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ जात. ते कसे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गोधड्या त्या विकत नसत. देत. देताना एकच अट घालत.

"वापरायची. मळवायची, धुवायची, फाडायची. फाटली की आण, जोडून देते. कपाटात घालायची असेल तर तसं सांग. रद्दी देते, ती ठेव."

लेक दूर शहरात होती. रविवारी तिचा फोन यायचा. तिचं म्हणणं दर रविवारी तेच.

"आई, आता बंद कर गं ते शिवण. डोळे बघ स्वतःचे. एक दिवस सुई आत राहील आणि कुणाला तरी टोचेल."

"माझ्या हातून सुई राहत नाही," मावशी म्हणत. हे त्या इतक्या ठामपणे म्हणत की लेक विषय बदलायची.

आणि एका सकाळी मास्तरीण सापडेना.

मी जिना उतरले तेव्हा मावशी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. पेटी उलटी केलेली. सतरंजी झटकलेली. सुया टोचायची कापडी गादी हातात, आणि तिच्यात मास्तरणीची जागा रिकामी.

"आज सुट्टीवर असेल," काका म्हणाले.

मावशी हसल्या नाहीत. तेव्हा काकाही वाकून शोधायला लागले. आम्ही तिघांनी घर पिंजून काढलं. कोपरे झाडले, पायपुसणं चाचपलं. काकांनी तर चहाची गाळणीसुद्धा पाहिली. मास्तरीण नव्हती.

मावशी खाली बसल्या. "मग ती बाहेर गेली," त्या म्हणाल्या. "गोधडीतून."

त्या महिन्यात तीन गोधड्या घराबाहेर गेल्या होत्या. एक मावशींच्या थोरल्या बहिणीकडे, ताईंकडे. एक कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे. आणि एक बेकरीवाल्याच्या घरच्या नव्या बाळासाठी.

बाळाचं नाव निघताच मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चपला घातल्या. दोन वेगवेगळ्या होत्या, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"लेकीला सांगू नका," दारातून त्या काकांना म्हणाल्या. "आणि ऐका. ज्या गोधडीत मास्तरीण निघेल, ती माझी शेवटची. त्यानंतर मी शिवणार नाही. ज्या हाताला सुई कुठे ठेवली ते आठवत नाही, त्या हातानं लोकांना पांघरूण देऊ नये."

"अगं, असं काही बोलू नकोस," काका म्हणाले.

"बोलले."

काका आत गेले आणि जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन आले. मावशींनी नाक मुरडलं. "मी काय भंगारवाली आहे?" पण ते पिशवीत टाकलं.

बेकरीच्या मागच्या खोलीत पावांचा गरम वास भरला होता. बाळ पाळण्यात नव्हतं. जमिनीवर गोधडी, तिच्यावर ते पालथं झोपलेलं. मावशी उंबऱ्यातच थांबल्या.

"सूनबाई," त्या बेकरीवाल्याच्या सुनेला म्हणाल्या, "आधी बाळाला उचल. मग सांगते."

सुनेनं बाळाला झपकन उचललं. बाळानं टाहो फोडला. बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. मावशींनी सरळ सांगून टाकलं की त्यांची सुई हरवली आहे आणि ती कदाचित यात असेल. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि गोधडीवर तळहात फिरवायला लागल्या. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, कापडाचा एकही दोरा न सोडता.

नंतर गोधडी उलटी केली. पुन्हा तळहात. मग लोहचुंबक. मग, कुणाला काही कळायच्या आत, त्या गोधडीवर गाल टेकून आडव्या झाल्या आणि इकडून तिकडे लोळल्या.

बाळ रडायचं थांबलं आणि बघत राहिलं.

"नाही यात," मावशी उठत म्हणाल्या. "असती तर मला टोचली असती."

बेकरीवाल्याचा जीव भांड्यात पडला. सून मात्र रागावली होती. "मावशी, काय घाबरवलंत हो! माझं दूध आटलं असतं."

"रागव," मावशी म्हणाल्या. "तुझा हक्क आहे." मग गोधडीचा कोपरा नाकाशी नेला. शी-शू, दूध, पावडर. त्यांचा चेहरा त्या सकाळी पहिल्यांदा सैल झाला. "चांगली वापरतेस गं."

न्हाव्याच्या दुकानात वेगळंच प्रकरण होतं. गिऱ्हाइकांच्या बाकावर अंथरायला म्हणून त्यानं गोधडी मागून नेली होती. बाकावर ती नव्हती. बाकाखाली होती, आणि तिच्यावर एक तांबडा कुत्रा. न्हावी एका अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून पुढे आला आणि कानापर्यंत लाल झाला.

"मावशी, त्यानंच ओढून घेतली. मी काढायला गेलो तर माझ्यावर गुरगुरतो."

"त्याला काही टोचलं का?"

"त्याला टोचलं असतं तर अख्ख्या गल्लीला कळलं असतं. तो मनात ठेवणाऱ्यातला नाही."

तरीही मावशींनी कुत्र्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो न्हाव्याचं ऐकत नव्हता, त्यांचं ऐकलं. चाचपणी झाली. केस निघाले, एक हाड निघालं, मास्तरीण निघाली नाही. मला वाटलं, कुत्र्याचं बघून मावशी दुखावल्या असतील.

"छे गं," रस्त्यात त्या म्हणाल्या. "बाकावर माणसं नुसती टेकतात. हा झोपतो तरी."

दोन घरं झाली होती. आता एकच उरलं होतं. तिथे सुई निघाली नाही तर ती नुसतीच हरवली, आणि हरवण्यावर मावशींची काही अट नव्हती. निघाली तर संपलं. माझ्या मनात आलं, निघू नये. मावशींच्या मनात काय होतं कोण जाणे. त्या भराभर चालत होत्या. ताईंना टोचलं तर नसेल, एवढंच मध्ये एकदा पुटपुटल्या.

ताई एकट्या राहत. मावशींहून उंच, मावशींहून हडकुळ्या, आणि जिभेला धार. आयुष्यभर कोर्टात कारकून होत्या. दार उघडून त्यांनी आधी बहिणीच्या पायांकडे बघितलं.

"धाकटे, एक चप्पल नवऱ्याची आहे."

"ताई, मी दिलेली गोधडी कुठे आहे?"

ताई थोड्या घुटमळल्या. मग आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मावशींनी तो ऐकला. मीही ऐकला. ताई गोधडी घेऊन आल्या. दिली होती तशीच, त्याच सुतळीनं बांधलेली. गाठसुद्धा मावशींचीच.

"तू वापरली नाहीस," मावशी म्हणाल्या. इतक्या हळू की मला सुईची आठवणच राहिली नाही.

"मला उकडतं."

"मग घेतलीस कशाला?"

"नको म्हटलं असतं तर तुला बरं वाटलं असतं का?"

मावशींनी गोधडी पुढ्यात ओढली. सुतळी सोडली. गोधडी उलगडली. चाचपावं लागलंच नाही. एका कोपऱ्यात काठ अर्धाच दुमडलेला होता आणि त्यात मास्तरीण उभी होती. नेढ्यात दोरासुद्धा तसाच.

"तो दिवस," मावशी म्हणाल्या. "काठ शिवत होते आणि बेकरीवाला ओरडत आला, नातू झाला म्हणून. मी उठले, बाळासाठी आधीच शिवून ठेवलेली गोधडी उचलली आणि धावले. दुसऱ्या दिवशी पुरी झाली असं समजून बांधली." त्या खुर्चीत बसल्या. "माझ्या लक्षातच राहिलं नाही गं."

सुई कुणाला टोचली नव्हती. कारण गोधडी कुणी पांघरलीच नव्हती.

मावशींनी ताईंना अट सांगितली. शेवटची. यानंतर नाही. सांगताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी गोधडीलाच पुसलं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कोपरा हातात धरून उजेडात नेला.

"ही पुरी झालेली नाही," त्या म्हणाल्या.

"चार बोटं काठ उरलाय."

"तेच. पुरी झाली नाही तोवर शेवटची कशी? आधी संपव. मग काय त्या शपथा पाळ."

मावशींनी मास्तरीण उचलली. दोरा ओढला. आता चार बोटांचं काम होतं आणि मग सगळं थांबणार होतं. तेवढ्यात ताई आत गेल्या आणि एक फिकट फुलाफुलांचा परकर घेऊन आल्या.

"संपवायच्या आधी हा जोड इथे. कोपरा मला तोकडा वाटतो."

"तोकडा कुठे आहे?"

"पांघरायची मला आहे. पाय बाहेर राहतात."

"तू तर पांघरतच नाहीस!"

"पाय बाहेर राहतात म्हणून."

मावशी बहिणीकडे बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आवाज नाही, नुसतं पोट. त्यांनी परकर मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कात्री आण."

परकर जोडून झाला तर ताईंना दुसरी बाजू तोकडी वाटायला लागली. पुढच्या आठवड्यात त्यांनी उशीचा अभ्रा काढला. मग काकांनी कपाटाचं कुलूप उघडून स्वतःहून एक शर्ट आणून दिला. मावशींनी तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवला. न्हाव्यानं दुकानातलं कापड दिलं, बेकरीवाल्याच्या सुनेनं बाळाला तोकडं झालेलं झबलं दिलं. मावशींनी दुसरी गोधडी शिवायला घेतली नाही. शब्द म्हणजे शब्द. रविवारी लेक विचारी, "आई, बंद केलंस ना?" आणि मावशी अगदी खरं उत्तर देत, "हो गं. शेवटचीच चालू आहे."

मग मला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जायच्या दिवशीही मी सुयांत दोरे ओवून ठेवले, जेवढे ओवता आले तेवढे.

काही वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले तेव्हा दुपार होती. गोधडी ताईंच्या घरी समोरच्या खोलीत होती, आणि मावशी-काकाही तिथेच. दुसरीकडे ती मावलीच नसती. एक टोक पलंगावर, तिथून खाली उतरून जमीनभर, आणि दुसरं टोक खिडकीशी मावशींच्या मांडीवर. काका भिंतीच्या कडेनं पाय जपत चालत होते. मी दारातच उभी राहिले. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

पलंगाच्या टोकाखाली ताई झोपल्या होत्या. पाय आत होते. त्यांनी डोळे न उघडता विचारलं,

"संपली का गं, धाकटे?"

"नाही गं, ताई."

"बरं," म्हणून ताई कुशीवर वळल्या.