सिस्टरचा रिकामा डबा

डबा रिकामा परत आला की खूश होणारी बाई आमच्या विठ्ठलवाडीच्या बिल्डिंगमध्ये एकच होती, तळमजल्यावरच्या सिस्टर. नगरकडच्या, ख्रिस्ती, जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या. नाताळात त्यांचा करंज्यांचा स्टीलचा डबा घरोघरी फिरायचा. आमच्याकडे डबा रिकामा द्यायची पद्धत नाही, निदान चिमूटभर साखर तरी. मी तर ईर्षेने लाडू भरून पाठवायचे. "अगं, लगेच कसली परतफेड? रिकामा दे की!" असं त्या म्हणायच्या आणि माझं डोकं फिरायचं. फुकटचं कुणाचं खायची सवय नाही आपल्याला!

रविवारी दुपारी त्यांच्याकडे चार माणसं प्रार्थनेला जमत, गाणी म्हणत. माझी झोपमोड व्हायची. मी सोसायटीकडे तक्रार केली, तीही नाव न घालता. प्रार्थना बंद झाली.

त्याच वर्षी माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. तिला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर दारात. "गरम पाणी काढ." मग रोज यायच्या. अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. पाच महिन्यांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. मी साडी आणली, ती त्यांनी परत करायला लावली.

शेवटी मला राहवेना. "सिस्टर, ती तक्रार मी लिहिलेली."

"माहितेय. सोसायटीनं कागद दाखवला मला. नोटीस बोर्डावर तूच लिहितेस ना? अक्षर ओळखलं मी."

"तरी येता?"

"तू चांगली वागलीस म्हणून आले असते, तर तो तुझा हक्क झाला असता. देवाची कृपा तशी नसते गं. मला तरी कुठं लायकी बघून मिळाली? चादरीचं ते टोक धर."

मी टोक धरलं आणि ढसाढसा रडले. दुसऱ्याच दिवशी तक्रार मागे घेतली. रविवारी प्रार्थना परत सुरू झाली, फक्त सिस्टर जरा हळू गायल्या.

पुढे आई गेली. यंदा सिस्टर भाचीकडे नगरला कायमच्या राहायला निघाल्या. आदल्या दिवशी, नाताळ नसताना, करंज्या आल्या. सकाळी मी डबा घासला, साखरेच्या बरणीकडे हात गेला आणि तसाच मागे घेतला. खाली टेम्पो उभा होता. मी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं.

"घेतलंस गं बाई एकदाचं," त्या म्हणाल्या आणि तो रिकामा डबा मांडीवर घेऊन टेम्पोत बसल्या.