दोन चिंध्यांचा कळक

माणसांची वयं विसरून कळकांची वयं तोंडपाठ ठेवणारा गृहस्थ अख्ख्या भोर संस्थानात एकच होता आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबांची हिर्डोशीच्या उतारावर कळकाची, म्हणजे जाड बांबूची, तीन बेटं होती. कळकाचा उत्तम कागद होतो असं त्यांनी कुठंसं ऐकलं आणि भातावरचं त्यांचं लक्षच उडालं. एका बेटाला ते शेणखत-पाण्यानं लाडावत, दुसऱ्याची विरळणी करत, तिसऱ्याला मुद्दाम उपाशी ठेवत. कागदाला कुणाचा धागा चिवट निघतो, ते त्यांना पाहायचं होतं. "लाडाचा कळक फुगतो, पर आतनं पोकळ!" असं ते सांगू लागले की आत्या विचारी, "भरीव कळक कुठं बघितलाय तुमी?"

दर वर्षी प्रत्येक कळकाला आत्याच्या लुगड्याच्या काठाची एक लाल चिंधी बांधली जाई. तीन चिंध्या झाल्याशिवाय कोयता लावायचा नाही, शेजाऱ्याचा मांडव पडला तरी नाही. "घरात नेसाया न्हाई आन कळकं नटून हुबी!" असं म्हणून आत्या कपाळाला हात लावी. भोरचे कागदी चाचा पिढीजात चिंध्यांचा कागद करणारे. त्यांनी एकदा तिन्ही बेटं हिंडून पाहिली आणि अदबीनं सांगितलं, "काका, कळक ऱ्हाऊ द्या, ह्या चिंध्याच द्या. कागद झकास हुईल." त्या दिवशी चाचांना चहा मिळाला नाही.

पुढं एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. पत्रिका आपल्याच कळकाच्या कागदावर छापायची, हा आतोबांचा हट्ट. आणि त्यासाठी त्यांनी निवडलेल्या विरळणीच्या बेटातल्या कळकांना चिंध्या तर दोनच! ते तडक कापूरहोळला व्याह्यांकडं गेले आणि लग्न वर्षभर लांबवा म्हणाले.

"का? नवरीला काय आजार हाय का?" व्याही घाबरले.

"नवरी ठणठणीत हाय. कळक कच्चा हाय."

व्याह्यांनी ऐकलं नाही. आतोबांनी आयुष्यात पहिल्यांदाच दोन चिंध्यांच्या कळकाला कोयता लावला आणि सगळा भारा चिंध्यांसकट चाचांकडं नेऊन टाकला. पत्रिका छापून आल्या. "आमच्या कळकाचा कागद!" म्हणत त्यांनी त्या घरोघरी स्वतः वाटल्या.

ती पत्रिका मी अजून जपून ठेवली आहे. उजेडात धरली की तिच्या कोपऱ्यात लुगड्याचा लाल धागा दिसतो. चाचांनी गुपचूप चिंध्याही लगद्यात घातल्या होत्या. आतोबांना हे कळू नये म्हणून मी कैक वर्षं गप्प राहिलो. शेवटी एकदा राहवलं नाही आणि धागा दाखवला.

"म्या पयल्याच दिशी बघितला व्हता," ते म्हणाले. "कच्च्या कळकाचा कागद कुठं हुतोय?"

"मग चिंध्यांचा कागद चालत होता, तर लग्न लांबवायला एवढे का भांडलात?"

त्यांनी पत्रिकेवरच्या लेकीच्या नावावरून अंगठा फिरवला.

"तेवढंच एक वरीस घरात ऱ्हायली असती."