दाराआडचा सूर

मिल्टन कीन्सच्या घरी माझ्या खोलीचं दार नीट लागत नसे. मार्केटात कपड्यांचा स्टॉल लावून, माणसागणिक घासाघीस करून मी माइक आणि कॉम्प्युटर घेतले होते. दार मात्र तसंच राहिलं. शनिवारी केंब्रिजच्या पार्ट्यांत आर अँड बी गाणी गायचे, बाकी दिवस त्या खोलीत. आई हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आली की दारात उभी राहून कपड्यांच्या घड्या घालायची.

"गातेस की भांडतेस गं?"

"आई, प्लीज. रेकॉर्डिंग चालू आहे."

"बरं. भांड."

एका प्रोड्यूसरला मी त्याच खोलीत एक गाणं रेकॉर्ड करून दिलं. मोठ्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं, एवढंच काम. पण सीडी आली तेव्हा तिच्या आवाजाखाली माझा आवाज तसाच होता. नाव फक्त तिचं. आणि दोन ओळींच्या मध्ये कुणीतरी गुणगुणत होतं. ती आई होती. मी हेडफोन लावलेले, मला तेव्हा कळलंही नव्हतं.

नावासाठी मी भांडत राहिले. त्यातच आई गेली.

पुढे मेडनहेडच्या एका दुकानात बुटावरचा डाग दाखवून भाव पाडत होते, आणि स्पीकरवर ते गाणं लागलं. आई गुणगुणली. बूट तिथेच टाकून मी बाहेर आले. मग ती कुठेही भेटायला लागली: पेट्रोल पंपावर, डेंटिस्टकडे, कुणाच्या तरी रिंगटोनमध्ये. क्षणभर ती, की लगेच त्या बाईचा आवाज तिच्यावर चढायचा.

माझा कॉम्प्युटर केव्हाच बंद पडला होता. मूळ रेकॉर्डिंग प्रोड्यूसरकडे. मी गेले. माझा चेहरा बघूनच त्यानं ओळखलं, या वेळी हिला गरज आहे. गिऱ्हाईक मीही असंच ओळखते.

"रेकॉर्डिंग घेऊन जा," तो म्हणाला. "नावाचा विषय कायमचा बंद."

मी टेबलावर हात आपटला, तोंडाला येईल ते बोलले, आणि त्याच्या कागदावर सही केली. अजून माफ केलेलं नाही त्याला.

घरी येऊन ऐकलं. सीडीवर त्यांनी छोटासा तुकडाच घेतला होता. मुळात माझं कडवं संपल्यावरही आई पुढे गात राहते. सबंध दुसरं कडवं, जे मी अजून रेकॉर्डही केलं नव्हतं. दाराआडून कधी पाठ केलं कोण जाणे. शेवटच्या ओळीआधी ती थांबते. मी उचलावं म्हणून.

तिथेच मी रेकॉर्डिंग बंद केलं होतं.