चिंचोक्याची खळ आणि चाळीस पंखे

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर मी मेंढरांमागे गेले, तेव्हापासून हातात पेन आलं ते हजेरीच्या सहीपुरतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, ओळी वर चढतील. माफी असावी. ही वही कुणी वाचणार नाही, पण लिहायला बसलं की समोर माणूस बसल्यासारखं वाटतं, आणि माणसासमोर माझं तोंड उघडत नाही. त्या तोंड न उघडण्याचीच ही गोष्ट आहे.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. सासरची मेंढरं विकून झाली होती. आमचे मालक उसाच्या ट्रॅक्टरवर होते आणि मी कळस गावाहून सकाळच्या एस.टी.ने बारामती एमआयडीसीत कामाला जायचे. पत्र्याचं शेड, त्यात दोन हातमशीनं. वितळलेलं प्लास्टिक दांडा ओढून साच्यात दाबायचं, थंड झालं की वस्तू काढायची. शेडचे साहेब डिप्लोमा झालेले, वयाने माझ्याहून लहान. मी त्यांच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नव्हते.

दूध संस्थांमध्ये तेव्हा नवं मशीन येत होतं. थोडं दूध घातलं की फॅटचा आकडा दाखवायचं. डबा लहान, आत गरम व्हायचा, आणि गरम झाला की आकडा चुकायचा. ते मशीन करणाऱ्या कंपनीला आत बसेल असा पंखा हवा होता, तळहाताएवढा आणि तीन बोटं जाड. लाइट गेली की मशीन बॅटरीवर चालायचं, म्हणून पंख्याने करंटही कमी खायला हवा. मोटर टेपरेकॉर्डरची, बाजारात मिळायची. पाती आणि त्यांच्याभोवतीचं कडं आम्ही करायचं.

साहेब कागदावर पाती काढायचे. मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तशी करायचे. ते मीटर लावून बघायचे, पातं थोडं वाकवायचे, पुन्हा बघायचे. दोन महिन्यांनी एक आकार जमला, त्याचा साचा झाला आणि चाळीस पंख्यांची पहिली ऑर्डर आली.

अडचण तोलाची होती. साच्यातून निघालेलं पात्यांचं चाक छत्रीच्या काडीवर अडकवून फिरवलं की दर वेळी एक बाजू जड होऊन खाली यायची. असा पंखा थरथरतो, वाजतो आणि मोटर खातो. हलक्या बाजूला आतून थोडं वजन चिकटवायचं ठरलं. त्यासाठी साहेब पुण्याहून चिकट, म्हणजे डिंकासारखं औषध, आणणार होते. चिकट येईना आणि माल द्यायचा दिवस जवळ आला. साहेब दोन दिवस बाहेरगावी गेले होते.

माझ्या माहेरी घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवायचे. ती खळ वाळली की नखानेही निघत नाही. मी घरून डबाभर करून आणली, त्यात लोखंडाचा कीस कालवला आणि चाळीसही पंख्यांना हलक्या बाजूला थेंब थेंब लावला. वाळल्यावर पंखे इतके शांत फिरले की मला वाटलं, आपण फार मोठं काम केलं. साहेब आले, पंखे ऐकले आणि म्हणाले, "आलं वाटतं चिकट?" मी मान हलवली. हो की नाही, ते त्यांना कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

महिनाभराने इंदापूरकडच्या एका दूध संस्थेचे सचिव मशीनचा डबा मोटारसायकलला बांधून थेट शेडवर आले. वयस्कर माणूस, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. डबा टेबलावर आपटून ते म्हणाले, "सायेब, ह्यो पंखा हाय का जातं? घुर्र घुर्र करून काल बंदच पडला. तितनं फ्याट आली दोन! म्हशीच्या दुधाला दोन! मान्सं माझ्या अंगावर धावून आली, तात्यानं पाणी घातलं म्हनत्यात."

साहेबांनी पंखा काढला. पात्यांवर तपकिरी चिकट ओघळ होते. तात्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि एकदम हसले. "आरं, ही तर घोंगड्याची खळ! मशिनीला थंडी वाजत हुती व्हय?"

शेजारच्या मशीनवरची बाई फिसकन हसली. साहेब हसले नाहीत. "हे कुणी केलं?"

शेडमध्ये घोंगडीवाल्यांची मी एकटीच. न बोलता राहिले असते तरी सगळ्यांना कळलंच होतं. पण तेव्हा बोलले नसते तर पुढे कधीच बोलले नसते. मी म्हटलं, "मी. चिकट आलं न्हवतं."

"मग मला सांगायचं नाही?"



माझी चूक मला त्याच दिवशी कळली. घोंगडं पाण्यात बुडवत नाहीत. दूध संस्थेत मात्र दिवसातून दोनदा गरम पाण्याने धुणं, सगळीकडे वाफ. खळ ओल धरून सैल झाली, एका कडेला सरकली आणि तोल जास्तच बिघडला. आठवड्याभरात सगळे पंखे परत आले. चाळीसही मोटरी घासून गेल्या होत्या. ऐंशी रुपयांची एक, म्हणजे तीन हजार दोनशे. माझा पगार आठशे होता.

मी साहेबांच्या टेबलापाशी गेले. "म्हैन्याला दोनशे कापा."

"बाई, पैशाचं नंतर बघू. कंपनीने एक महिना दिलाय. पंखा जमला नाही तर ऑर्डर गेली, आणि हे शेडही जाईल."

"पंखा बी करू. पैसे बी कापा."

एवढं लांब मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले.

घरी सासूबाईंना सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "मेंढरं काय वाईट हुती? मेंढरू आजारी पडलं तर आपला पगार न्हाय कापत." मालक भाकरी मोडता मोडता म्हणाले, "कापू दे. तिनं केलंय, ती निस्तरंल." मला त्यांचा राग आला आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी एकच ठरवलं, कळलं ते बोलायचं. साच्यातून निघालेल्या प्रत्येक चाकाला, प्लास्टिक जिकडून आत शिरतं त्या बाजूला कुंकवाचा ठिपका लावला आणि चाक काडीवर फिरवलं. तीस चाकं झाली. सगळ्यांत ठिपक्याचीच बाजू खाली आली. म्हणजे दोष तोलात नव्हता, साच्यात होता. प्लास्टिक एका कडेने शिरायचं, तिकडे दाटून बसायचं आणि समोरच्या बाजूला पोचेपर्यंत थंड व्हायचं. वरून वजन चिकटवणं हेच मुळात चुकीचं होतं, खळ असो की पुण्याचं चिकट.

मी ती चाकं साहेबांच्या टेबलावर ओळीने मांडली. "साच्याचं तोंड मदोमद पायजे. पलास्टिक चारी बाजूला सारखं जाईल."

साहेबांनी पाचसहा चाकं स्वतः फिरवून बघितली. मग साच्याचं चित्र ओढून घेतलं आणि म्हणाले, "हे मला दिसायला हवं होतं."

साचा दुरुस्त व्हायला गेला, तेवढ्यात दुसरं काम होतं. करंट अजून थोडा जास्तच लागत होता. वारा कुठे वाया जातो ते दिसत नाही, म्हणून मी घरून लोकरीचे पिंजलेले धागे आणले आणि एका तारेवर ओळीने बांधून चालू पंख्यासमोर धरले. मधले धागे पुढे उडत होते. कडेचे मात्र उलटे वळून पंख्याकडेच येत होते. साहेब खाली वाकून बघत राहिले. पात्यांच्या टोकापासून कड्यापर्यंत ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट होती, आणि पुढे गेलेला वारा त्या फटीतून मागे येत होता. आम्ही कडं आवळलं. फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी केली. एकदा जास्त आवळलं आणि पातं घासून तुटलं. पुन्हा केलं. पात्याला मधल्या बाजूला पीळ थोडा वाढवला. मीटरचा काटा खाली आला. किती, ते साहेबांनी लिहून घेतलं. मला एवढंच कळलं, की कंपनीने आखून दिलेल्या रेघेच्या तो आत होता.

नव्या साच्यातली पाती काडीवर कुठेही सोडली तरी तिथेच थांबायची. पहिला पंखा आम्ही कंपनीला न देता तात्यांच्या संस्थेत नेला. सकाळ-संध्याकाळ धुणं, वाफ, सगळं होऊ दिलं. पंधरा दिवसांनी तात्या आले तेव्हा मी दाराकडे पाठ करून मशीन ओढत राहिले, बघायचं धाडस होईना.

"सायेब, ह्यो वाजतच न्हाय. चालू हाय का बंद, तेच कळंना. रोज हात लावून बघतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "का गं पोरी, ह्याला कशाची खळ?"

"कशाचीच न्हाय, तात्या."

ऑर्डर राहिली, वाढलीही. पगाराच्या दिवशी साहेब म्हणाले, "बाई, आता कापायचं थांबवू. मोटरींचे पैसे सुटले." मी नको म्हटलं. पंखा जमला तो दोघांचा होता. खळ एकटीची होती. त्यांनी फार आग्रह केला नाही, याबद्दल मी त्यांना मानते.

बारा महिने दोनशे कापले. मग पगार हजार झाला, तेव्हा मी चारशे कापायला सांगितले. दिवाळीला थोरल्या मुलीला नवं परकर-पोलकं घेता आलं नाही, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यापुढच्या महिन्यात शेवटचे चारशे कापून साहेबांनी पगाराची वही माझ्याकडे फिरवली. मी आकडे बोटावर मोजले, बेरीज दोनदा केली आणि सही केली. तीन हजार दोनशे पुरे झाले होते.