आधी पाडस, मग आई

व्हिन्कोनं शिकवलेलं पोर शिकारीच्या परीक्षेत कधी नापास होत नाही, असं आमच्या गावात म्हणत, आणि हे ऐकलं की व्हिन्कोची छाती फुगायची. जन्म गेला लाकडाच्या गिरणीत. तिथं त्याला कुत्रं विचारत नव्हतं. पण रविवारी शिकारी मंडळाची हिरवी टोपी डोक्यावर चढली की गडी निराळाच! गावातली निम्मी पोरं त्याच्याच हाताखालून गेलेली. वर्षभर बंदुकीला हात लावू द्यायचा नाही. हिवाळ्यात त्यांच्या पाठीवर गवताचे भारे लादून हरणांना चारायला न्यायचा, बर्फ वितळला की मिठाचे खडे ठेवायला लावायचा, मे महिन्यात नर ओळखायला शिकवायचा, आणि सप्टेंबर लागला की माद्या आणि पाडसं.

"मारणं शेवटचं काम," तो ओरडायचा. "आधी हमाली करा, गाढवांनो!"

आणि एक नियम तो पोरांच्या डोक्यात ठोकून बसवायचा. आधी पाडस, मग आई. आई आधी मारली तर मागं राहिलेलं पाडस दुधावाचून खंगतं आणि पहिल्या बर्फात कुठंतरी झुडपाखाली मरतं. शहरातून आलेल्यांना हे ऐकून शहारे येतात. येऊ देत. दया कशाला म्हणतात हे त्यांना कुठं माहीत आहे!

पाववाल्याची त्याशा मात्र या नियमापाशी अडली. एकोणीस वर्षांची धडधाकट पोरगी, पिठाची पोती उचलणारी, पण हा नियम ऐकला की डोळे भरायचे.

"काका, त्या एवढ्याशा जिवावर गोळी? मला नाही जमायचं."

"मग जा घरी आणि पाव भाज!"

ती घरी गेली नाही. परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली. आता राहिली होती पहिली शिकार, आणि ती गुरूच्या शेजारी बसूनच करायची. शनिवारी मंडळाच्या घरी नव्या शिकाऱ्यांची दीक्षा होती: गमतीचा खटला आणि शेवटी काठीचे फटके. बाकीच्यांच्या चेल्यांनी आपापली शिकार उरकली होती. व्हिन्कोचीच तेवढी मागं.

त्यातून त्याचे डोळे अधू झाले होते. डॉक्टरनं दिलेला चष्मा उन्हाळ्यापासून टेबलाच्या खणात पडून होता. चष्मा लावला की लोक म्हणणार, संपला म्हातारा. म्हणून नाही लावला.

मंगळवारी संध्याकाळी दोघं मचाणावर बसले होते. कुरणाच्या कडेला एक हरणी आली. त्याशानं बंदूक खांद्याला लावली आणि थांबली.

"काका, कास दिसतेय का हो तिची? पाडस असेल एखादं झाडीत."

व्हिन्कोनं दुर्बीण लावली. त्याला एक तपकिरी डाग दिसला. बस, तेवढंच.

"एकटी आहे. मार."

"नक्की?"

"अगं, मी इतकी वर्षं काय माती खाल्ली? मार म्हणतो ना!"

हरणी जागच्या जागी पडली. व्हिन्कोनं फरच्या झाडाची डहाळी मोडली, अर्धी हरणीच्या तोंडात ठेवली, तिचा शेवटचा घास म्हणून, आणि अर्धी त्याशाच्या टोपीत खोवली. मग पोट फाडायला गुडघे टेकले. हात कासेला लागला आणि बोटांवर कोमट दूध आलं.

"त्याशा," तो मान वर न करता म्हणाला, "गाडीतून दोर घेऊन ये."

ती गेल्यावर त्यानं कास कापली, झुडपात भिरकावली आणि हात गवताला पुसले. पुसले, पुन्हा पुसले. त्याशा रिकाम्या हातानं परत आली.

"गाडीत दोर नाहीये, काका."

"अरेच्चा! माझ्याच पिशवीत की!"

 तिनं पिशवीतून दोर ओढून काढला आणि त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी तो एकटाच तिथं गेला. झाडीतून बारीक, चिरका आवाज येत होता. पाडस आईला हाका मारत होतं. त्यानं बंदूक उचलली, पण सगळं धूसर. मंडळाचा प्रमुख लोव्रो, नुसती हाक मारली असती तर धावत आला असता. पण मग त्याला सांगावं लागलं असतं! व्हिन्को तसाच घरी आला आणि बायकोवर उगाच खेकसला. त्यानंतरच्या संध्याकाळी आवाज नव्हता. गेलं असेल दुसऱ्या हरणांबरोबर, असं त्यानं मनाला समजावलं. त्याला हायसं वाटलं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की जेवण जाईना.

शनिवारी दीक्षेचा खेळ रंगला. लोव्रो टेबलाची चादर पांघरून न्यायाधीश झाला होता. आरोपी त्याशा बाकावर पालथी. तिच्यावर आरोप झाले: मचाणावर घोरली, रानडुकराला गाय म्हणाली, गुरूच्या डब्यातलं सॉसेज खाल्लं. लोक हसून लोळत होते.

"आरोपी, आणखी काही पाप लपवलंय?" लोव्रोनं विचारलं.

"मी नाही लपवलं," त्याशा म्हणाली.

पहिला फटका लोव्रोचा. दुसरा गुरूचा. व्हिन्कोच्या हातात हेझलच्या झाडाची काठी दिली. ती उचलेचना.

"अरे म्हाताऱ्या, मार की! सॉसेज तुझंच होतं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"त्या हरणीला दूध होतं," व्हिन्को म्हणाला. "पोरीनं विचारलं होतं. मला दिसत नव्हतं, तरी मी मार म्हणालो. नंतर कास फेकून दिली. पाडस मागं राहिलंय."

त्यानं वर पाहिलं. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

त्याशा बाकावरून उठली. "पाडस नाही राहिलं, काका. दोर तुमच्या पिशवीतून लोंबत होता, मला जातानाच दिसला होता, आणि परत आले तर हरणीला कास नव्हती. गुरुवारी पहाटे लोव्रोकाकांना घेऊन गेले. आई पडली होती तिथंच ते उभं होतं." तिचा आवाज फाटला. "जमलं मला, एकाच गोळीत. मी सगळ्यांना म्हटलं, कोणी बोलू नका, काका आपण होऊन सांगतील."

व्हिन्को खाली बसला, मग त्याच बाकावर पालथा झाला आणि काठी तिच्यापुढं धरली.

"मार, पोरी. जोरात मार."

त्याशानं काठी घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"नाही काका. मारलं तर तुम्हाला बरं वाटेल."