हेल्मेटवरचं नाव

त्याचं इंग्रजी नाव मी इथे लिहीत नाही. ते सध्या कुणाकडे असेल, मला ठाऊक नाही.

आखातातल्या शुऐबाला ज्या प्लांटवर मी पाइप फिटर आहे, तिथे वेल्डिंगचं काम एका चिनी कंत्राटदाराकडे होतं. त्यांची माणसं दर दोन वर्षांनी बदलत, हाकेला सोपी म्हणून घेतलेली इंग्रजी नावं मात्र इथेच राहत. जाणारा आपलं हेल्मेट, गेटपासचा नंबर आणि नाव येणाऱ्याच्या हवाली करून विमानात बसे. नवं नाव घेतलं तर सगळ्या याद्या बदलाव्या लागणार, आणि ऑफिसला त्याचा भारी कंटाळा. माझ्याबरोबर काम करणारा वेल्डर, माझा जोडीदार, त्याच्या नावाचा तिसरा मालक. पहिला म्हणे ताडमाड उंच होता, दुसरा चष्मेवाला, हा गोलमटोल. हाक तिघांना एकच.

मला हसायची सोय नव्हती. आपल्याकडे नावापुढे बापाचं नाव लावतात. पासपोर्टात दोन्ही एकाच रकान्यात आली आणि गेटपास छापणाऱ्याने त्यातलं दुसरं उचललं. तेव्हापासून प्लांटवर मी माझा बाप आहे. वडील चिपळूण सोडून फारसे कुठे गेले नाहीत, पण इथे भर उन्हात त्यांच्या नावाने दिवसभर शिव्या पडतात. सुरुवातीला मी चिडून दुरुस्तीचे अर्ज दिले. मग नाद सोडला.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी जोडीदार पोट धरून खाली बसला. घामाने निथळत होता, पण तो एरवीही निथळायचाच, म्हणून मला कळायला जरा वेळ लागला. त्याला धरून प्लांटच्या दवाखान्यात नेलं. सिस्टर आपली, सावंतवाडीकडची. तिने गेटपासच्या नंबरावरून फाइल काढली. उजवीकडे खाली दुखतंय म्हटल्यावर डॉक्टरने टेबलाशी बसूनच मान हलवली आणि फाइल उघडली. मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"दादा, ह्येंचा अपेंडिक्स तर आधीच काढलेला आसा," सिस्टर म्हणाली.

"अहो, ते दुसऱ्याचं काढलं!"

"दुसऱ्या कोणाचा? नाव ह्येंचाच आसा."

"आधी ज्याच्याकडे हे नाव होतं ना, त्याचं."

आता माझाच ताप बघावा की काय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. डॉक्टरने सरळ पेशंटलाच विचारलं, या नावाचा माणूस तूच ना? आणि त्या शहाण्याने कण्हत कण्हत मान डोलावली. सवय! मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. डॉक्टर गॅसची गोळी लिहायला लागला. इकडे याचं अपेंडिक्स फुटायला आलेलं, आणि कागदोपत्री ते पोटात नव्हतंच. मी खरोखर घाबरलो होतो.

मग मी पुढे झालो आणि त्याच्या कव्हरॉलची चेन बेंबीखालपर्यंत ओढली. "काढलंय ना? मग टाके दाखवा," मी ओरडलो. गुळगुळीत पोट, साधा ओरखडाही नाही. डॉक्टरने पोट पाहिलं, फाइल पाहिली, आणि फाइलवर अन्याय नको म्हणून पुन्हा पोट पाहिलं. मग अँब्युलन्स बोलावली.

"ह्येंचा खरा नाव काय?" हॉस्पिटलची चिठ्ठी पुढ्यात घेऊन सिस्टरने मला विचारलं. दीड वर्ष आम्ही एकाच पाइपची दोन टोकं धरत होतो, आणि मला ते ठाऊक नव्हतं. लाज वाटली. मी वाकून त्यालाच विचारलं. त्याने सांगितलं, मी म्हणून दाखवलं, त्याने मान हलवली. चुकलं. अँब्युलन्स दारात उभी, स्ट्रेचर तयार, आणि हा पोट आवळून मला आपलं नाव शिकवतोय. पाचव्या खेपेला जमलं तेव्हा तो चक्क हसला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "यू?"

मी सांगितलं. वडिलांचं नाही, माझं.

ऑपरेशन नीट झालं. काही आठवड्यांनी तो कामावर परतला. हेल्मेटवर तेच जुनं नाव होतं. मी वाकून बोल्ट आवळत होतो. मागून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं; वडिलांचं नाव नव्हतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या हाकेला मी वैतागून मान वर केली, एवढा कोण बहिरा आहे ते बघायला. आसपास दुसरं कुणीच नव्हतं. जोडीदार माझ्याकडेच बघत होता.